आम्हांबरोबर की आपल्याबरोबर? नाताळ आणि एक सर्वनाम

मुद्रितशोधक:

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या चर्चच्या तरुण संघाची पोरं फाटकावर लावायची अक्षरं कापत बसली होती. खाली पुठ्ठा, वर सोनेरी कागद, मागे फेव्हिकॉल. मजकूर दरवर्षीचाच, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला: 'इम्मानुएल – आम्हांबरोबर देव'. मी खुर्ची टाकून अनुस्वार तपासत होते. तीस वर्षं प्रुफं वाचली, सवय जात नाही. गेल्या साली 'म्हां'वरचा अनुस्वार कुणीतरी खाल्ला होता, अक्षरं उतरवेपर्यंत तो मला टोचत होता.

तेवढ्यात शेजारच्या काकू ताट परत करायला आल्या. (नगरकडच्या आमच्या घरांत नाताळ म्हणजे केकच्या आधी करंज्या आणि शंकरपाळ्या. ताट शेजारी जातं आणि रिकामं परत येत नाही. या खेपेला त्यात पेरू होते.) काकूंनी जमिनीवर मांडलेली अक्षरं मोठ्यांदा वाचली आणि म्हणाल्या, "आम्हांबरोबर देव? बरं आहे बाई तुमचं. मग आमच्याबरोबर कोण, महापालिका?"

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, काकूंनी चेष्टेचेष्टेत चूक काढली होती, आणि चूक व्याकरणाची होती.

इंग्रजीत 'गॉड विथ अस'. ग्रीक मत्तयात 'मेथ हेमोन हो थेओस'. मूळ हिब्रू 'इम्मानू एल'. या तिन्ही भाषांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक ठाऊक नाही. त्यांचं एकच सर्वनाम, त्यात ऐकणाऱ्याला धरलंय की वगळलंय हे ज्याचं त्याने प्रसंगावरून ताडायचं. मराठीला ती सोय नाही. "आम्ही जेवायला चाललोय" म्हटलं की तुम्ही दारात उभे राहून टाटा करायचा. "आपण जेवायला चाललोय" म्हटलं की चपला घालायच्या. मधलं काही नाही. म्हणजे ग्रीक लिहिताना मत्तयाला जे ठरवावं लागलं नाही, ते मराठी भाषांतरकाराला ठरवावंच लागलं. त्याने ठरवलं: आम्हां.

मग मी पवित्र शास्त्र घेऊन बसले आणि नाताळची वचनं फक्त सर्वनामांसाठी वाचत गेले. यशया ९: 'आम्हांसाठी' बाळ, 'आम्हांला' पुत्र. योहान १:१४: शब्द देही झाला आणि त्याने 'आमच्यामध्ये' वस्ती केली. सगळीकडे दार ओढून घेतलेलं. प्रभूच्या प्रार्थनेतलं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मात्र चोख बरोबर आहे, कारण तिथे ऐकणारा देव आहे आणि तो काही स्वतःचा बाप नाही. तिथे 'आपल्या पित्या' म्हटलं असतं तर अनर्थ झाला असता.

सगळ्यात मजा आली लूकच्या दुसऱ्या अध्यायात. रात्री रानात मेंढपाळ कळप राखत आहेत. देवदूत येऊन म्हणतो, 'तुमच्यासाठी' तारणारा जन्मला आहे. तो 'आपल्यासाठी' म्हणत नाही, देवदूतांना तारणाऱ्याची गरज नसावी. देवदूत जातात आणि मेंढपाळ एकमेकांना म्हणतात: चला, 'आपण' बेथलेहेमला जाऊ. माझ्या नजरेला पडलेलं नाताळच्या गोष्टीतलं हे पहिलं 'आपण', आणि ते कोणाच्या तोंडी आहे बघा. शास्त्र्यांच्या नाही, मागींच्या, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्याही नाही. ज्यांच्या अंगाला मेंढरांचा वास येतो त्यांच्या तोंडी.

तर प्रश्न असा. मत्तयाचं 'इम्मानुएल' मराठीत 'आपल्याबरोबर देव' असायला हवं होतं का? श्रद्धा असलेल्यांनी, नसलेल्यांनी आणि नुसत्या व्याकरणवाल्यांनीही लिहावं. धर्मांतर, राजकारण वगैरेंसाठी वेगळे धागे आहेत, तिकडे जा.

---

तंजावरी:

आमची पाचवी का सहावी पिढी तमिळनाडूत, घरात मोडकं मराठी, बाहेर तमिळ. तमिळमध्ये हाच फरक आहे: 'नाम' म्हणजे तुम्हाला धरून, 'नांगळ' म्हणजे तुम्हाला वगळून. माझी शाळा मिशनची होती, त्यामुळे वचनं पाठ आहेत. इम्मानुएलचा अर्थ तिथे 'देवन नम्मोडु इरुक्किरार'. यशया ९ 'नमक्कु ओरु बालगन'. योहान १:१४ लाही 'नमक्कुळ्ळे'. तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला धरून! आणि प्रार्थनेत मात्र 'एंगळ पिदावे', म्हणजे तुमचं 'आमच्या पित्या'. तेलुगूतही 'देवुडु मनकु तोडु', तोही 'मन' आपल्याला धरूनच.

तरंगंबाडीला त्सीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्याचा तमिळ नवा करार १७१४-१५ मध्ये छापला गेला, तिकडे या कामाची परंपरा जुनी. तुमच्या काकू मदुराईच्या असत्या तर त्यांना विचारायला काही उरलंच नसतं.

---

मुद्रितशोधक:

तंजावरी, तुम्ही माझी सकाळ करून टाकलीत. म्हणजे फरक असलेल्या भाषेने दुसरा निर्णय घेतल्याचा पुरावा आहे. पोरांना फोन करून अक्षरं चिकटवू नका म्हणून सांगितलं.

---

पाणिनीचा_पुतण्या:

ताई, घाई करू नका. भाषांतरकार बावळट नव्हते.

मराठी 'आपण' हा तमिळ 'नाम'सारखा सरळ गडी नाही, तो तीन नोकऱ्या करतो. एक, मी आणि तुम्ही मिळून: आपण जाऊ. दोन, आदरार्थी तुम्ही: आपण बसावे. तीन, स्वतः: तो आपल्याबरोबर डबा घेऊन गेला. आता 'आपल्याबरोबर देव' हे फाटकावर वाचणारा माणूस काय समजेल? 'साहेब, आपल्याबरोबर देव आहे' असंही समजेल. नुकतंच निवडून आल्याबद्दल अभिनंदनाचा फलक वाटेल. 'आम्हां'मध्ये तो घोटाळा नाही.

आणि यातले दोन आपण तुमच्याच लूकमध्ये एकमेकांच्या पायात येतात. पहिल्या अध्यायात मरीया देवदूताला म्हणते, 'आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो'. तो आदराचा आपण. पान उलटलं की मेंढपाळांचा 'चला, आपण'. एकाच कागदावर दोन माणसं एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी करतात.

दुसरं, योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात बघा. जे आम्ही पाहिलं, जे आमच्या हातांनी चाचपलं, ते तुम्हांलाही कळवतो. इथे साक्षीदार एकीकडे, वाचक दुसरीकडे. 'आम्ही' आणि 'तुम्ही' स्पष्ट आहेत. मग त्याच योहानाच्या शुभवर्तमानात 'आम्ही त्याचे गौरव पाहिले' हे वगळणारंच हवं. मी पाहिलेलं नाही, तुम्हीही नाही.

अवांतर: व्याकरण आणि ख्रिस्ती धर्म हे जोडपं मराठीत नवं नाही. ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते दादोबा पांडुरंग, १८३६ चं व्याकरण लिहिणारे. त्यांनी उतारवयात स्वीडनबॉर्ग या ख्रिस्ती गूढवाद्याच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८७८ मध्ये लंडनला छापलं गेलं. स्वतः ते हिंदूच राहिले.

---

मुद्रितशोधक:

पत्राचा मुद्दा मान्य. पण मग योहान १:१४ मध्ये दोन सर्वनामं हवीत: 'त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, आणि आम्ही त्याचे गौरव पाहिले.' वस्ती सगळ्यांत, पाहिलं काहींनी. ग्रीकला हे एका वाक्यात वेगळं करून दाखवता येत नाही, मराठीला येतं. हातात हत्यार असून भाषांतरकाराने ते वापरलं नाही, माझी तक्रार एवढीच.

---

उसाच्या_रानात:

धर्माचं मला कळत नाही. पण 'वस्ती केली' वाचून थांबलो. आमच्याकडे वस्ती म्हणजे गावाबाहेर रानात चार घरं आणि एक कुत्रं. मूळ शब्द काय आहे?

---

मुद्रितशोधक:

मूळ 'एस्केनोसेन', त्यात 'स्केने' म्हणजे तंबू. शब्दशः, त्याने आमच्यात पाल ठोकलं. 'वस्ती' त्यामानाने फारच पक्क्या भिंतींची वाटते.

---

उसाच्या_रानात:

मग कोपी म्हणा की. आत्ता डिसेंबर चालू आहे, कारखान्याभोवती ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडल्यात. पाचट आणि बांबू, वर मेणकापड. काल एका कोपीत बाळंतीण होती. बाळ टोपल्यात, वर धुडकं, बाहेर बैल बांधलेले. मी टोळीला उचल द्यायला गेलो होतो. तुमचं हे 'पाल ठोकलं' वाचलं आणि तेच डोळ्यासमोर आलं, म्हणून लिहिलं. बाकी चालू द्या.

---

निरीश्वर:

धागा चांगला आहे, म्हणून एक खडा टाकतो.

'देव आमच्याबरोबर' हे वगळणारं आहे हे भाषांतराचं पाप नाही, मालाचाच गुण आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलावर 'गॉट मिट उन्स' कोरलेलं असे. हिटलरच्या सैन्याच्या बकलावरही होतं. जर्मनमध्येही 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे नाहीत, पण त्या बकलाचा अर्थ समोरच्या खंदकातल्या माणसाला विचारायची गरज पडली नसेल. 'उन्स' म्हणजे तुम्ही नव्हे.

आणि तुमचे देवदूत तरी काय गातात? 'पृथ्वीवर शांती, मनुष्यांवर कृपा' हे शुभेच्छापत्रातलं गोड रूप. जुन्या हस्तलिखितांत 'एउदोकियास' अशी षष्ठी आहे. म्हणजे शांती कोणाला, तर ज्यांच्यावर देवाची मर्जी आहे त्या माणसांना. शेवटचा एक सिग्मा (ग्रीक 'स') गळला की प्रथमा होते आणि शांती सगळ्यांची होते. ती जुन्या इंग्रजी बायबलातली, किंग जेम्सवाली आवृत्ती. एका अक्षरावर बाकीची मानवजात आत किंवा बाहेर. मी बाहेरच बरा.

---

मुद्रितशोधक:

निरीश्वर, सिग्मावर हात घातलात म्हणजे माझ्या धंद्यावरच आलात. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकस या बायबलच्या हस्तलिखितात मूळ लिहिणाऱ्याने तो सिग्मा लिहिलेला आहे, नंतरच्या कुणा दुरुस्ती करणाऱ्याने तो काढला. म्हणजे मुद्रितशोधकानेच घोळ घातला. त्याच्या जागी मीही कदाचित काढला असता, वाक्य कानाला सरळ लागतं म्हणून. आमच्या मराठी पवित्र शास्त्राने सिग्मा ठेवलाय, देव ज्यांच्याविषयी संतुष्ट आहे त्या माणसांत शांती. पण चारच ओळी वर देवदूत 'सर्व लोकांना होणारा मोठा आनंद' म्हणतो, तेही मोजा.

बकलाचं उत्तर मात्र सोपं नाही. त्यासाठी यशयाकडे जावं लागतं, आणि तिथे मला वाटलं होतं त्याहून जास्त सापडलं.

यशया ७. इ. स. पूर्व आठवं शतक. अराम आणि उत्तरेचं इस्राएल मिळून यरुशलेमवर चालून आलेत. राजा आहाज आणि त्याच्या लोकांची मनं वाऱ्याने झाडं हलावीत तशी थरथरतायत. संदेष्टा त्याच राजासमोर, त्याच संकटात उभा राहून सांगतो: तरुणीला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल. इथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजूला आहेत. मराठीत म्हणायचं तर 'आपल्याबरोबर देव'.

यशया ८. तेच दोन शब्द परत येतात, 'इम्मानू एल'. पण आता संदेष्टा दूरच्या राष्ट्रांना, शत्रूंना उद्देशून बोलतोय: मसलती करा, त्या फसतील, कारण इम्मानू एल. इथे 'आपल्याबरोबर' म्हणताच येणार नाही. इथे 'आमच्याबरोबर'च. तुमचं बकल या आठव्या अध्यायातलं आहे.

हिब्रूत दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच, मराठीत दोन वेगळे शब्द लागतात. आणि मत्तयाने उचललंय ते सातव्यातलं, आठव्यातलं नाही. तो शत्रूला दम देत नाहीये, वाचकाला कानाशी येऊन अर्थ सांगतोय. अर्थ सांगणारा वाचकाला वगळून कसा सांगेल?

---

निरीश्वर:

'सर्व लोकांना'मधला ग्रीक 'लाओस' एकवचनी आहे, म्हणजे बहुधा इस्राएलची प्रजा. पण ७ आणि ८ चं मानलं. बकलवाल्यांनी पुढचं पान उघडलं होतं म्हणायचं.

---

रविवारची_बाई:

मी रविवारच्या शाळेत सात-आठ वर्षांची मुलं घेते. 'प्रारंभी शब्द होता' पाठ करून घेत होते तर एकीने विचारलं, "होता म्हणजे आता नाहीये का?" मला काही सुचेना. मराठीत 'होता' म्हटलं की भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारखंच वाटतं.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं (तो सेमिनरीत ग्रीक शिकलाय). त्याने दाखवलं की ग्रीकमध्ये योहान दोन क्रियापदं अगदी वेगळी ठेवतो. शब्दासाठी 'एन', चालू असलेला भूतकाळ, सुरुवात नाही, शेवट नाही. बाकी सगळ्यासाठी 'एगेनेतो', घडलं. आणि मराठीत ते आपसूक आलंय! शब्द होता, होता, होता. मग सर्व काही झाले. मग योहान (बाप्तिस्मा करणारा, लिहिणारा नव्हे) प्रकट झाला. आणि चौदाव्या वचनात पहिल्यांदा शब्दालाच 'झाला' लागतं: देही झाला. जो नुसता होता तो झाला. नवरा म्हणाला, नाताळ म्हणजे हे एवढं क्रियापद बदलणं.

त्या मुलीला पुढच्या रविवारी मी आठव्या अध्यायातलं 'अब्राहामाचा जन्म झाला त्यापूर्वी मी आहे' दाखवलं. ती म्हणाली, "हे तर चुकीचं मराठी आहे. 'मी होतो' पाहिजे." बरोबरच आहे, ग्रीकमध्येही ते तसंच खटकतं.

---

माळकरी:

दिंडीतला माणूस आहे, चूक झाली तर सांभाळून घ्या. 'देही झाला' माझ्या कानाला वेगळं लागतं. आमच्याकडे देही म्हणजे देहात राहणारा, गीतेतला देही. देह म्हणजे घर, देही म्हणजे घरधनी. म्हणजे शब्द देहात राहायला आला. मूळ असंच आहे का? आणि तुकोबा 'शब्दचि हा देव' म्हणतात, तिथे 'होता' नाही, 'हा' आहे. समोर बोट दाखवून.

---

मुद्रितशोधक:

माऊली, मूळ त्याहून खडबडीत आहे. 'सार्क्स एगेनेतो', मांस झाला. घरात राहायला आला नाही, वीट-माती झाला. एका वेलांटीचा फरक, देह आणि देही. मला वाटतं भाषांतरकाराचा हात तिथे मराठी कानाकडे झुकला, आणि त्यात थोडं हरवलं. घर सोडून जाता येतं, मांस सोडून नाही. गव्हाणीत बाळंत्यात गुंडाळलेलं ते बाळ रडत होतं, त्याला भूक लागत होती, हे 'देही'त तेवढं ऐकू येत नाही.

तुकोबांचं 'हा' आणि योहानाचं 'होता' यावर स्वतंत्र धागा काढा, मी येते.

---

किनाऱ्यावरचा:

वसई. आमच्याकडे मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी विश्वासांगिकार, म्हणजे श्रद्धेची कबुली म्हणताना देव माणूस झाला त्या शब्दांपाशी एरवी मान लवते. पण २५ डिसेंबरला आणि २५ मार्चला त्याच शब्दांवर सगळे गुडघे टेकतात. माझी आजी अंगठेबहाद्दर होती, लॅटिनच्या काळातली. 'एत इन्कार्नातुस एस्त' आलं की बरोबर खाली. अर्थ विचारला तर सांगता आला नसता, पण वाक्य कुठे वळतं ते गुडघ्यांना माहीत होतं.

---

मांडवी:

हांव गोंयकार, म्हणून एक आठवण. फादर स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. त्याच माणसाने कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते तो वारल्यावर, १६४० मध्ये, त्याच रायतूरला छापून आलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण. परक्या भाषेतली विभक्ती आधी मोजायची आणि मग त्याच भाषेत बेथलेहेमची गोष्ट सांगायची, हे काम तुमच्या धाग्याच्या चारशे वर्षं आधी झालंय.

गंमत म्हणजे आमच्या कोंकणीत तुमची भानगडच नाही. 'आमी वचूंया' म्हटलं की तूही आलास. काकूंना गोव्यात आणा.

---

पाणिनीचा_पुतण्या:

फलकाचं काय झालं ते सांगा. की व्याकरणातच नाताळ जाणार?

---

मुद्रितशोधक:

सांगते. पाळकसाहेबांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं, तंजावरींचं तमिळही ऐकलं. मग म्हणाले, "वेदीमागे पवित्र शास्त्रात आहे तेच राहील, वचन आपण बदलायचं नाही. फाटकावर काय लिहायचं ते तरुण संघाने ठरवावं." (त्यांच्या वाक्यातला 'आपण' मी मनात टिपून ठेवला.)

पोरांनी ठरवलं: आपल्याबरोबर. पण 'म्हां' काढला की त्या जागी 'प' आणि 'ल्या', एका अक्षराच्या जागेत दोन. सोनेरी कागद संपलेला, दुकान बंद. 'प' जुन्या साठ्यातल्या पिवळट कागदाचा निघाला. 'ल्या' एकाने मिठाईच्या खोक्याच्या झाकणातून कापला आणि तिरका करून बसवला, नाहीतर 'बरोबर'वर चढत होता. रात्री साडेअकराला दिवे लावून पाहिलं. रस्त्यावरून सगळ्यात आधी तोच दिसतो.

सकाळी काकू दुधाची पिशवी घेऊन परत येताना फाटकाशी थांबल्या. डोळ्यांवर हात धरून पूर्ण वाचलं. मी इकडून वाट बघतेय काय म्हणतात.

म्हणाल्या, "तो 'ल्या' वाकडा लागलाय. स्टूल आहे का तुमच्याकडे?"